पुरापूर्वी तपासावी बोटीची स्टिअरिंग केबल

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्म घेते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पावसाळ्यात या नद्या व त्यांच्या उपनद्या फुगल्या की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक गावांचा संपर्क तुटतो. 2019 मध्ये पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडची वाट वारंवार बंद पडली, तर जुलै 2022 मध्ये दोन्ही जिल्ह्यांना पुराचा मोठा तडाखा बसला. अशा वेळी यांत्रिक बोट हाच लोकांचा आधार असतो. बोट सज्ज ठेवताना इंजिन सुरू करून पाहिले जाते, इंधन भरले जाते. बोटीला वळवणारी स्टिअरिंग केबल मात्र बहुधा दुर्लक्षित राहते.

फायबरच्या लहान बोटींत, मग त्या जलविहाराच्या असोत वा मदतकार्याच्या, पुढे मोटारीसारखे चाक आणि मागे आउटबोर्ड इंजिन अशी रचना सर्रास आढळते. चाकामागे दातेरी पेटी असते. चाक फिरले की पेटी केबलमधील पोलादी तार पुढे-मागे सरकवते. तारेच्या टोकाचा दांडा इंजिनाच्या आडव्या नळीतून बाहेर येतो आणि एका जोडदांड्याच्या साहाय्याने इंजिन डावी-उजवीकडे वळवतो.

ही केबल वापराने झिजते, तशीच न वापरल्यानेही बिघडते. पावसाळा सरल्यावर बोट अनेक महिने उभी राहते. आडव्या नळीतील ग्रीस घट्ट होते, दांड्यावर गंज चढतो, वेष्टनाला भेग असल्यास पाणी आत शिरते. त्याची पहिली खूण म्हणजे चाक जड होणे. या अवस्थेत जोर लावून चाक फिरवत राहिल्यास तार तुटण्याची किंवा पेटीचे दाते जाण्याची भीती असते. पुराच्या प्रवाहात सुकाणू गेले तर बोट आडवी होऊन उलटू शकते.

दोष नेमका कोठे आहे, हे ओळखणे सोपे आहे. इंजिन बंद ठेवून जोडदांडा सोडवावा आणि इंजिन हाताने वळवून पाहावे. ते सहज वळले, पण चाक जडच राहिले, तर दोष केबलमध्ये, नळीत किंवा पेटीत असतो. इंजिनच जड वळत असेल, तर त्याच्या खुंट्याला ग्रीस हवे. नळीतील दांडा साफ करता येतो. परंतु वेष्टनाच्या आत गंजलेली केबल दुरुस्त होत नाही, ती बदलावीच लागते.

खरी अडचण जागेची असते. केबल बोटीच्या कडेच्या पोकळीतून जाते आणि तेथे हात पोहोचत नाही. जुनी केबल घाईने ओढून काढली की नवी घालण्याची वाटच हरवते. म्हणून केबल पेटीतून सोडवल्यावर तिच्या चाकाकडील टोकाला मजबूत दोरी बांधावी, गाठीवर चिकटपट्टी गुंडाळावी आणि मगच केबल मागच्या बाजूने सावकाश ओढावी. दोरी पोकळीत राहते. तिच्या मागील टोकाला नव्या केबलचे चाकाकडील टोक बांधून दोरी पुढून ओढली की केबल त्याच वाटेने जागेवर येते.

नव्या केबलची लांबी जुनीइतकीच असावी. ती बहुधा वेष्टनावरील क्रमांकात फुटांत दिलेली असते. क्रमांक पुसला असल्यास जुनी केबल मोजावी. आखूड केबल ताणली जाते, तर फार लांब केबलला नको ती वळणे पडतात. कोठेही तीव्र वळण येऊ देऊ नये. दांडा बसवण्यापूर्वी आडवी नळी आतून घासून स्वच्छ करावी आणि पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे. पुढे नळीच्या निपलमधून ग्रीस भरताना दांडा पूर्ण आत घ्यावा. अन्यथा ग्रीस कोंडून सुकाणू अडकू शकते. जोडदांड्याचा स्वयंबंद नट पुन्हा न वापरता नवा घालावा.

शेवटची तपासणी काठावरच करावी. चाक उजवीकडे फिरवल्यावर बोट उजवीकडेच वळेल, अशा दिशेने इंजिन फिरते का, हे पाहावे. पेटीत केबल चुकीच्या बाजूने शिरली तर दिशा उलटी होते. इंजिन खाली असताना व वर उचललेले असताना चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि केबल कोठे ताणते का, हे पाहावे. त्यानंतर संथ पाण्यात, कमी वेगाने फेरी घ्यावी.

हे काम उन्हाळ्यात, नदीचे पात्र शांत असताना करायचे असते. चाक जड लागत असल्याची तक्रार मे महिन्यातच ऐकून घेतली, तर जुलैत पैलतीरावर वाट पाहणाऱ्यांपर्यंत बोट वेळेवर पोहोचू शकेल.