बदली ड्रायव्हरचा रोजा

दुपारी एकच्या सुमारास डेपोच्या फाटकाजवळच्या लाकडी बाकावर आम्ही सात-आठ जण बसलेलो असायचो. अंगात खाकी, खिशावर बिल्ला, मांडीवर डबा. टाइमकीपर साहेब खिडकीतून वही बघायचे. कायम ड्रायव्हरपैकी आज कोणाचा खाडा आहे ते पाहून बाकावरचं एक नाव पुकारायचे. ज्याचं नाव आलं त्याला त्या दिवशीची बस आणि त्या दिवशीची हजेरी. बाकीचे अजून तासभर थांबायचे. कोणी ऐनवेळी रजा टाकली तर टाकली, नाहीतर भरलेला डबा घेऊन घरी.

याला ‘बदली’ म्हणतात. शहर बसच्या सीटवर तुम्हाला जो ड्रायव्हर दिसतो, तो कायम आहे की बदली, हे तुम्हाला कळत नाही. खाकी तीच, बिल्ला तसाच, स्टिअरिंगही तेच. फरक एवढाच की एकाला महिन्याचा पगार असतो आणि दुसऱ्याला आज काम मिळालं तर आजचे पैसे.

मी दोन वर्षं असा बदली ड्रायव्हर होतो. आठवड्यात तीन, फार तर चार दिवस बस मिळायची. उरलेले दिवस गल्लीतल्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि हँडबिलांची प्रुफं तपासायचो. घरात अम्मी, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. बसचं लायसन्सही सहज मिळालेलं नव्हतं. हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर हाती असल्याशिवाय कायद्याने प्रवासी वाहनाचं शिकाऊ लायसन्ससुद्धा मिळत नाही. ते वर्ष एका किराणा दुकानदाराचा टेम्पो चालवून काढलं होतं.

बदलीवाल्याचं कॅलेंडर उलटं असतं. सगळ्यांचा सण तो त्याचा कामाचा दिवस. गणपती, दिवाळी, लग्नसराई या काळात कायम ड्रायव्हर रजेवर जायचे आणि आमचा बाक रिकामा व्हायचा. सलग दोन दिवाळ्यांत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची शेवटची फेरी मीच नेली. रस्त्यात फटाके, बसमध्ये जेमतेम पाच-सहा प्रवासी. त्यातल्या एका आजोबांनी उतरताना माझ्या हातावर करंजी ठेवली होती.

आणि आम्ही सगळे दिवस मोजायचो. बदली कामगारांच्या बोलण्यात २४० हा आकडा सारखा येतो. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे ती सलग सेवा धरली जायची. तेवढ्याने कोणी आपोआप कायम होत नाही, पण हक्क सांगायला जागा होते. त्यामुळे नाव पुकारलं गेल्यावर ‘आज नको’ असं कोणी म्हणत नसे. एकदा नको म्हटलं की पुढच्या वेळी खिडकीतली नजर तुमच्यावरून पुढे सरकते, हा आमचा अनुभव.

२०१९ चा रमजान ७ मे रोजी सुरू झाला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्या वर्षी तो भर मे महिन्यात होता. पहाटे साडेचारच्या थोडं पुढे सहरी संपायची आणि संध्याकाळी सातच्या सुमारास इफ्तार. चौदा तासांहून अधिक काळ पाण्याचा थेंब नाही.

माझ्या वाट्याला बहुतेक दुसरी पाळी यायची, दुपारी दोन ते रात्री दहा. आमच्या जुन्या गाड्यांचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. त्यावरचं बॉनेट मे महिन्यात इतकं तापायचं की चुकून पाय लागला तर चटका बसायचा. पण खरं सांगतो, भुकेचा त्रास पहिल्या चार-पाच रोज्यांनंतर राहत नाही. तहानही माणूस सोसतो. त्रास झोपेचा होतो. रात्री दहाला पाळी संपायची, मग घरी जेवण, मग तरावीहची नमाज घरीच, मग पावणेचारला सहरीसाठी उठायचं. सकाळी मुलांची गडबड, नंतर छापखान्यातलं अर्धवट काम. झोप तुकड्यातुकड्यांनी मिळून चार तास झाली तरी खूप.

तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा होती आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. पण सीटवर बसण्याआधी ड्रायव्हर किती झोपला, हे कोणत्याही कायद्याला विचारता येत नाही. ते त्याचं त्यानेच सांगायचं असतं.

मी सांगितलं नाही. माझा रोजा आहे हे टाइमकीपर साहेबांना कळलं तर ते माझ्याऐवजी शेजारच्याचं नाव पुकारतील, अशी भीती होती. त्या महिन्यापर्यंत माझे दीडशेच्या वर दिवस भरले होते. कोणी ‘चहा घेतोस का’ विचारलं तर ‘आत्ताच झाला’ म्हणायचो. रोज्यात खोटं बोलत होतो, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

अठराव्या रोज्याची गोष्ट. सव्वासहा वाजले होते. स्टेशनकडून निघालेली बस खच्चून भरलेली. माझ्यासोबत कंडक्टर होते अण्णा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, सगळा डेपो त्यांना अण्णाच म्हणायचा. त्यांनी दोन घंट्या दिल्या, मी गाडी काढली. पुढचा सरळ रस्ता मावळतीकडे तोंड करून जातो. ऊन थेट डोळ्यांत. मला आठवतंय की मी डोळे किलकिले केले. त्यानंतरचं एक-दोन सेकंदांचं काहीच आठवत नाही.

ताशी चाळीसच्या वेगाने बस एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते, जवळपास स्वतःच्या लांबीएवढी. शुद्ध आली ती घंटी सारखी वाजत होती म्हणून. समोर एक बाई भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मी ब्रेकवर उभाच राहिलो. आत माणसं एकमेकांवर आदळली. बस थांबली तेव्हा बाई आणि बंपर यांच्यात दोन हातांचं अंतर होतं. पिशवीतले टोमॅटो रस्ताभर झाले होते.

बसमध्ये आरडाओरडा सुरू झाला. “दारू प्यायलाय का बघा,” कोणीतरी मागून म्हणालं. अण्णा गर्दीतून वाट काढत पुढे आले. माझ्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “रोजा आहे ना तुझा?”

मी मान हलवली.

“कितवा?”

“अठरावा.”

“अठरा दिवस माझ्या गाडीत बसतोस आणि मला आज कळतंय?” एवढं बोलून त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

मी घड्याळ पाहिलं. इफ्तारला पाऊण तास होता. तेवढाच! पण रस्त्यावरचे टोमॅटो वेचणाऱ्या त्या बाई समोर दिसत होत्या. त्यांचे हात थरथरत होते. मी बाटली घेतली आणि पाणी प्यायलो. आयुष्यात त्या पाण्याइतकं बेचव पाणी मी प्यायलेलं नाही.

मग अण्णांना म्हणालो, “गाडी पुढे नेत नाही मी.” त्यांनी डेपोत फोन लावला. प्रवाशांना मागच्या बसमध्ये चढवून दिलं. दारूबद्दल बोलणारे गृहस्थ उतरताना माझ्याजवळ थांबले, काही बोलले नाहीत, पुढे गेले. फेरी रद्द झाली. माझी त्या दिवसाची हजेरी कापली गेली आणि पुढचे पाच दिवस माझं नाव पुकारलं गेलं नाही. यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. ज्याला झोप लागली त्याला गाडी देऊ नये, हे बरोबरच होतं.

घरी अम्मीला सांगताना रडू आलं. ती म्हणाली, “रोजा गया तो आ जाएगा बेटा, वो औरत जाती तो?”

दुसऱ्या दिवशी मशिदीत मौलानांना गाठलं. मला एक आशा होती. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिलेली आहे. राहिलेले रोजे नंतर कधीतरी भरून द्यायचे, त्याला ‘कजा’ म्हणतात. मी दिवसाला शे-सव्वाशे किलोमीटर गाडी चालवतो, मग मी प्रवासी नाही का? मौलाना हसले. हनफी पंथात प्रवासी ठरण्यासाठी आपल्या गावाबाहेर साधारण ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर लांब जायचं असावं लागतं. स्टेशन ते वसाहत आणि पुन्हा स्टेशन अशा कितीही चकरा मारल्या तरी माणूस आपल्याच गावात असतो. लांब पल्ल्याच्या एसटी ड्रायव्हरला सवलत आहे, शहर बसवाल्याला ती प्रवासी म्हणून नाही.

“पण काल पाणी प्यायलास ते योग्यच केलंस,” ते म्हणाले. जिवावर बेतणार असेल तर रोजा सोडावा. त्याचा दंड नाही, फक्त एका रोज्याची कजा. मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी पुन्हा बसवलं. “चूक कालची नाही, आधीच्या सतरा दिवसांची आहे. रोजा लपवलास, तो तुझा आणि अल्लाहचा मामला. पण झोप लपवलीस. बसमधली माणसं तुझ्याकडे अमानत होती.”

अमानत म्हणजे कोणीतरी विश्वासाने आपल्या हाती सोपवलेली वस्तू. ती जशी घेतली तशी परत करायची असते. प्रवासी तिकीट काढतो आणि खिडकीशी डोकं टेकून झोपतो, कारण पुढचा माणूस जागा आहे, असं तो धरून चालतो.

सहाव्या दिवशी मी खिडकीशी गेलो आणि टाइमकीपर साहेबांना सगळं सांगितलं. रोजा आहे, दुसरी पाळी झेपत नाही, पहिली द्या, नाहीतर महिना संपेपर्यंत बाकावर बसतो. मला वाटलं, संपलं आता. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर?” मग अण्णांनीच तोड काढली. एक कायम ड्रायव्हर होते. श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करायचे. त्या दिवसांत दुपारच्या उन्हातली पाळी त्यांनाही नकोशी व्हायची, पण त्यांनीही कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आमचं ठरलं. रमजानमध्ये त्यांची पहिली पाळी मी करायची, बदल्यात त्यांना दुसरी. श्रावणात आणि नवरात्रात त्यांच्या दुसऱ्या पाळ्या मी घ्यायच्या. साहेबांनी वहीत तशी नोंद केली.

पहिली पाळी रोजेदारासाठी बरी. सहरीला उठलेलाच असतो, फजरची नमाज झाली की थेट डेपो. दुपारी दीड-दोनला मोकळा. घरी जाऊन झोप काढली की इफ्तारला माणूस ताजा. उरलेले रोजे तसे गेले. ५ जूनला ईद होती. ईदगाहवरून आलो, शीरखुर्मा घेतला आणि अण्णांसाठी डबा घेऊन डेपोत गेलो. बाकावर त्या दिवशी एकही मुसलमान नव्हता. बाकीच्यांना मात्र सगळ्यांना ड्युटी लागली होती. आमच्या सणाने त्यांचा एक दिवस भरला.

तो राहिलेला रोजा मी डिसेंबरात ठेवला. थंडीतला दिवस, मे महिन्यापेक्षा दोनेक तासांनी लहान. घरात कोणाचाच रोजा नव्हता, तरी अम्मी पहाटे माझ्यासाठी उठली आणि तिने गरम पोळ्या केल्या.

माझे २४० दिवस मात्र भरले नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, बस थांबल्या आणि सगळ्यात आधी बाक रिकामा झाला. पुन्हा गाड्या सुरू झाल्या तोवर मी छापखान्यात पूर्णवेळ लागलो होतो. तिथूनच पुढे लिहिण्याकडे वळलो.

आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कंत्राटदारांच्या बसही धावतात आणि त्यांवरचे ड्रायव्हरही कंत्राटदाराचेच असतात. ज्याचं पोट रोजच्या हजेरीवर आहे, तो ड्रायव्हर आपला थकवा सहसा सांगत नाही. उपास एकादशीचा असो वा रमजानचा, आजारी मूल उशाशी घेऊन काढलेली रात्र असो, तो ‘ठीक आहे’ म्हणतो आणि सीटवर बसतो. सांगितलं तर काम जाणार नाही, एवढी खात्री त्याला कोणीतरी द्यायला हवी. आमच्या डेपोत ती एका वहीतल्या एका ओळीने मिळाली होती. त्यासाठी एक रुपयाही खर्च आला नव्हता.

परवा सकाळी साडेनऊच्या बसने येत होतो. पुढच्याच सीटवर जागा मिळाली. ड्रायव्हर विशीतला पोरगा, ओठ सुकलेले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा न राहवून विचारलं, “रोजा आहे का?”

तो आरशात बघून हसला. “हो चाचा. पण पहिली पाळी मागून घेतलीय. दोनला सुटतो, मग झोपतो.”

मागून दोन घंट्या झाल्या. त्याने गाडी काढली आणि मी खिडकीशी डोकं टेकून डोळे मिटले.