वकिलाच्या ऑफिसातील पहिले टेबल

कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी माणूस वकिलाच्या ऑफिसात जातो. तिथे प्रथम भेटतात ते वकीलसाहेब नव्हेत, तर रिसेप्शनिस्ट. मुंबईत हायकोर्टाच्या आसपास फोर्ट भागात वकिलांची कितीतरी ऑफिसे आहेत. आपल्या समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणींना तिथे काम मिळू शकते. मात्र ही केवळ फोन उचलण्याची नोकरी आहे, असा समज करून घेऊ नये.

कोर्ट सुरू होण्याआधीचा तास सर्वांत धावपळीचा. वकील निघण्याच्या घाईत, मुन्शी फाइली बांधतो आहे, बाकावर तीन अशील बसलेले आणि फोन सारखा वाजतो आहे. ‘आमचे मॅटर आज बोर्डावर आहे का?’ हा नेहमीचा प्रश्न. बोर्ड आता संगणकावर पाहता येतो. पण कोणता निरोप लगेच कोर्टात पोहोचवायचा आणि कोणता संध्याकाळपर्यंत थांबू शकतो, हे माणसालाच ठरवावे लागते.

तारखेचे मोल

समजा, एका व्यापाऱ्याचा फोन आला की चेक परत आला आहे. बँकेकडून तशी माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यास त्याला १५ दिवसांची मुदत असते. तरीही पैसे आले नाहीत, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत फौजदारी तक्रार करायची असते. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण असल्यास कोर्ट माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र ही सवलत नाही. म्हणून ‘साहेब नाहीत, उद्या करा’ एवढे सांगून फोन ठेवणे परवडत नाही. नाव, नंबर आणि बँकेच्या मेमोची तारीख लिहून घेतली, तर व्यापाऱ्याची रक्कम बुडण्यापासून वाचू शकते.

ऐकलेले तिथेच ठेवावे

या टेबलावर घराघरांतील दुःखे येतात. तलाक, पोटगी, वारसा, भावाभावांतील दुकानाची वाटणी. एखादी भगिनी सल्ल्यासाठी येऊन गेली आणि तासाभराने तिच्या नवऱ्याचा फोन आला, ‘ती तिथे आली होती का?’ उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. ‘इथे कोण येते, हे आम्ही कोणालाच सांगत नाही’, एवढेच नम्रपणे सांगावे. मोहल्ल्यातील ओळख, नातेवाईकपण, काहीही मध्ये आणू नये.

अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने हे बंधन वकिलाच्या कारकुनांवर आणि नोकरांवरही घातले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. आपल्याकडे यालाच अमानत म्हणतात.

मर्यादा आणि पात्रता

रिसेप्शनिस्टने कायद्याचा सल्ला देऊ नये. ‘केस नक्की जिंकाल’ असा दिलासा तर मुळीच देऊ नये. घाबरलेल्या माणसाला पाणी द्यावे, कागद कोणते आणायचे ते विचारून सांगावे आणि वेळ ठरवून द्यावी.

मराठी, हिंदी व उर्दू बोलता येणाऱ्यांना इथे मोठा फायदा आहे. त्याला कामापुरते इंग्रजी, संगणकावरील टायपिंग आणि नीटनेटकी नोंदवही यांची जोड हवी. एलएल.बी. करणाऱ्यांना तर पुस्तकात न मिळणारे कितीतरी इथे शिकता येते.

वकील बांधवांनीही लक्षात घ्यावे की एवढी जबाबदारी सांभाळणाऱ्याला वेळेवर आणि योग्य पगार मिळाला पाहिजे. आणि पालकांनी मुलीला या कामासाठी पाठवताना पगाराबरोबरच कामाच्या वेळा व ऑफिसचे वातावरण पाहावे. ते ठीक असेल, तर संकोच करू नये. विश्वासू माणसाची गरज या व्यवसायाला नेहमीच असते.