सही करण्यापूर्वी : वडीलधाऱ्यांची फसवणूक आणि प्रकृती

आरोग्याच्या सदरात फसवणूक आणि मृत्युपत्र हे विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु ज्या घरातील वृद्धाचे पैसे गेले, त्या घरात पुढे काय होते ते पाहावे. जेवण तुटते, झोप उडते, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहत नाही. पैसे गेल्याचे दुःख असतेच; पण या वयात आपण फसलो, ही लाज त्याहून जड असते. तिच्यापायी माणूस घरातल्यांनाही सांगत नाही आणि मनातल्या मनात कुढत राहतो. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कानावर आली तर ती हसण्यावारी नेऊ नये. डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या ‘टेली-मानस’च्या सरकारी क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

आपल्या बांदा परिसरात हा धोका वेगळ्या कारणाने वाढतो. मुले मुंबईला किंवा गोव्यात, घरात दोघेच म्हातारे, भोवती काजूची बाग आणि सातबारावर दहा-वीस नावे. पेन्शन किंवा मुलाने पाठवलेले पैसे बँकेत. फसवणाऱ्याला याहून सोयीचे घर कोणते?

फसतात ते भोळे म्हणूनच?

हा समज अर्धाच खरा आहे. ऐकू कमी येते, म्हणून फोनवरचे अर्धवट समजते आणि माणूस ‘हो, हो’ म्हणतो. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या भरवशावर सही होते. दिवसभर बोलायला कोणी नसले की गोड बोलणारा परकाही आपला वाटतो.

याहून महत्त्वाचे कारण मेंदूचे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभर माणसांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. या आजारात माणसे ओळखता येतात, जुन्या आठवणी सांगता येतात, पण हिशेबाची जाण लवकर ढासळते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निदान होण्याच्या सहा वर्षे आधीपासूनच बिले थकू लागल्याचे आढळले. म्हणून पुढील खुणा दिसल्या तर लक्ष द्यावे : विजेचे बिल दोनदा भरणे किंवा विसरणे, सुटे पैसे मोजताना गोंधळणे, पासबुकातील रकमेचा पत्ता नसणे, अचानक कुणाला उसने देणे.

अशा वेळी ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून सोडून देऊ नये. थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, रक्तातील सोडियम कमी होणे, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, झोपेच्या गोळ्या यांमुळेही असा गोंधळ होतो आणि यांवर उपचार आहेत.

फोनवरचे पोलीस

‘तुमच्या आधार कार्डावर गुन्हा नोंदला आहे, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, कुणाला सांगू नका’ असे सांगून पैसे उकळण्याच्या प्रकाराला ‘डिजिटल अटक’ म्हणतात. मुंबईत ८६ वर्षांच्या एका महिलेने डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात अशा धाकापोटी २० कोटींहून अधिक रक्कम घालवली. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पोलीस, न्यायालय किंवा बँक फोनवर पैसे मागत नाहीत. पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याचे निमित्त सांगून येणारे फोनही त्याच जातीचे. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द आले की फोन खाली ठेवावा आणि पहिल्यांदा घरच्यांना सांगावे.

पैसे गेलेच तर वाट पाहू नये. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. ती वाटेत गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा. म्हणून लाजेपायी घालवलेली एक रात्र फार महाग पडते.

कागद कोणता, परिणाम कोणता

सगळेच फसवणारे परके नसतात. ‘इथे फक्त सही करा’ म्हणणारा पुष्कळदा घरचाच असतो. म्हणून कागदांतील फरक ठाऊक हवा.

बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच दिवशी जाते आणि मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागता येते. मात्र अशी अट असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताने लावला. तरी शहाणपण यातच, की सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्यावी. दाद प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मागायची; पोटगीचा अर्जही तेथेच.

मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. साध्या कागदावर चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. सही दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्यांनीही सही करावी. ज्यांना मिळकत मिळायची त्यांना साक्षीला घेऊ नये. इथे डॉक्टरांचे काम येते : ‘यांना समजते आहे’ असा त्याच दिवशीचा तपासणीचा दाखला जोडला, तर पुढे ‘तेव्हा भान नव्हते’ हा वाद टिकणे कठीण. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द ठरत नाही. लिहिताना समज होती का, हे पाहिले जाते. म्हणून उशीर करू नये.

कुलमुखत्यारपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘पुढे काही सुचेनासे झाले तर मुलगा बघेल’ म्हणून ते केले जाते. पण कायद्याने, देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. मग घरच्यांना न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. तेव्हा बँक खाते पती-पत्नीच्या किंवा खरोखर विश्वासाच्या माणसाच्या जोडीने, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने ठेवण्याचा विचार समज शाबूत असतानाच करावा.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मालवणचे सुपुत्र, ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर २०१३ साली निवर्तले. त्यांच्या पश्चात समभागांवरून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला : नॉमिनी हा रक्कम सांभाळून वारसांपर्यंत पोचवणारा, मालक नव्हे. मृत्युपत्र करून ठेवलेल्या घरातही हा प्रश्न दहा वर्षे चालला; मग ज्या घरात काहीच लिहिलेले नाही तिथले काय होईल?

पत्रादेवीपलीकडे ज्यांची घरे आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावे. गोव्यात वारसाचा कायदा निराळा आहे. तेथील कायदा ज्यांना लागू होतो त्यांना, मुले असताना सगळी मिळकत मनाप्रमाणे कुणालाही देता येत नाही. अर्धा वाटा वारसांसाठी राखीव असतो. तेथे तेथील वकिलाचाच सल्ला घ्यावा. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

घरच्यांनी काय करावे

मुंबईच्या मुलाने आठवड्यातून एकदा ‘जेवलात का’ याबरोबर ‘कुणाचा फोन आला होता का’ हेही विचारावे. चष्मा, कानाचे यंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नये. सातबारा वर्षातून एकदा काढून पाहावा. कोणताही कागद सहीला आला तर तो एक रात्र घरी ठेवून, मोठ्याने वाचून घेऊन मगच सही करावी. ज्याला एवढाही धीर नाही त्याचा हेतू तपासावा. आणि आई किंवा बाबा फसलेच, तर रागावू नये. त्यांनी आपल्याला सांगितले हीच मोठी गोष्ट. त्या दिवशी बोल लावला, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत.