बटण बंद केलं म्हणजे मशीन थांबलं असं नाही! बँडसॉची साफसफाई, सुरक्षितपणे



आंधळगाव म्हटलं की लोकांना कोसा आठवतो, हातमाग आठवतो. पण मागाला लाकूड लागतं आणि लाकडाला सुतार. म्हणूनच बरेच तरुण विचारतात, "सर, बँडसॉ घेतला तर कमाई किती होईल?" मी म्हणतो, आधी तो साफ करायला शिका.

माझीच चूक सांगतो. दुकान नवीन होतं, ऑर्डरची घाई होती. बटण बंद केलं, आवाज कमी झाला आणि टेबलाखालचा भुसा काढायला मी हात घातला. पातं अजून फिरत होतं! बाही फाटली, बोटं वाचली. मोटर बंद झाली तरी चाकं जड असतात, ती काही वेळ फिरतच राहतात.

तेव्हापासून माझ्या दुकानात हा क्रम ठरलेला आहे:

१. बटण बंद. पातं पूर्ण थांबेपर्यंत हात मागे. मग प्लग काढून नजरेसमोर ठेवायचा. थ्री-फेज असेल तर मेन स्विच बंद करून "काम सुरू आहे" अशी पाटी लावायची.

२. झाकण उघडून भुसा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. हवेच्या प्रेशरने उडवू नका, तो डोळ्यात आणि छातीत जातो. लाकडाच्या धुळीने कॅन्सर होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मान्य केलंय. मास्क लावाच.

३. चाकाच्या रबरावर चिकटलेला भुसा खरवडून काढा. तो राहिला तर पातं डगमगतं आणि कट वाकडा जातो.

४. पातं हाताळताना जाड हातमोजे घाला. पण मशीन चालू असताना हातमोजे नकोत, ते पात्यात ओढले जातात.

५. दात आणि जोड नीट बघा. बारीक चीर दिसली किंवा चालताना "टिक-टिक" आवाज आला, तर पातं बदला.

६. पातं बसवलं की ताण द्या, चाक हाताने दोन-तीन वेळा फिरवून पातं जागेवर चालतं का पाहा. झाकण लावा, मगच प्लग.

रात्री दुकान बंद करताना पात्याचा ताण थोडा सैल करायचा, म्हणजे पातं आणि रबर दोन्ही जास्त टिकतात. मात्र सकाळी ताण परत द्यायला विसरू नका. त्यासाठी मशीनवरच चिठ्ठी लावून ठेवा.

आता धंद्याचं गणित. साफसफाईची वेळ कामाच्या वेळेतच धरा आणि ती कोटेशनमध्ये मोजा. "वेळ मिळाला तर करू" म्हटलं की ते काम कधीच होत नाही. आणि लाकूड चिरायचा धंदा टाकणार असाल, तर मशीन घेण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करून या.

पातं तुटलं तर बाजारात नवीन मिळतं. बोट कोणत्याच दुकानात मिळत नाही. आज संध्याकाळी शटर ओढण्याआधी एकदा झाकण उघडून बघा, आत किती भुसा साचलाय!