सीपॅप यंत्र आणि नासावरोध

निद्रेतील श्वासरोधाचा रुग्ण वैद्याकडे येतो तो पुष्कळदा घोरण्यासाठी नव्हे, नाकासाठी. यंत्र घेऊन आठ-पंधरा दिवस झालेले असतात. मध्यरात्रीनंतर नाक चोंदते आणि मास्क उशाशी पडून राहतो. यंत्र सुटले की श्वासरोध परततो, हे त्याच्या ध्यानी येत नाही. आमचा असाच एक रुग्ण बसचालक होता. आम्ही त्यास निजतेवेळी अणुतैलाचे नस्य सांगितले. तेल ओठावर उतरले, मास्क सरकू लागला, हवा डोळ्यांकडे सुटू लागली. चार दिवसांत त्याने यंत्र गुंडाळून ठेवले. दोष तेलाचा नव्हता, आम्ही सांगितलेल्या वेळेचा होता.

सिडनीचे कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या या उपायात दाबाखालील हवा नाकावाटे अखंड सोडून कंठमार्ग उघडा ठेवला जातो. झोपेत तोंड उघडे राहिल्यास ही हवा नाकातून येऊन तोंडावाटे निघून जाते. उच्छ्वास नाकातून परतत नाही, त्यामुळे त्यातील ऊब व ओलावा श्लेष्मल त्वचेस मिळत नाही. ती कोरडी पडते, मग सुजते. म्हणजे येथे चोंदलेपणाच्या मुळाशी रूक्षता असते. त्यास केवळ कफ समजून त्रिकटूसारखी तीक्ष्ण द्रव्ये देत राहिल्यास रूक्षता वाढण्याचाच संभव अधिक.

म्हणून प्रथम विचारावे: सकाळी तोंड कोरडे पडते काय? यंत्रास उष्ण ह्युमिडिफायर आहे काय, आणि तो रोज भरला जातो काय? पुष्कळांचे काम एवढ्यानेच भागते. टाकीत शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. निलगिरी तेल, कापूर, ओव्याचा काढा यांपैकी काहीही त्यात घालू नये. ते थेट फुप्फुसांत जाते. (हा प्रयोग करणारे सुशिक्षित रुग्णही आम्ही पाहिले आहेत.)

निजण्यापूर्वी लवणजलाने नाक धुणे हितकर. पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ पुरे. नळाचे कच्चे पाणी मात्र कटाक्षाने वर्ज्य. प्रतिमर्श नस्य द्यावयाचे तर सकाळी, मास्क काढल्यावर, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब. घशात आलेले थुंकून टाकावे. तेल फुप्फुसांत उतरल्यास तेथे दाह होतो. रात्री दाबाच्या हवेपुढे तर ते नकोच. शिवाय तेलाने सिलिकॉनची कड खराब होते. नवप्रतिश्यायात नस्य आपल्या शास्त्रानेच निषिद्ध मानले आहे.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. झायलोमेटाझोलीनचे थेंब मागणाऱ्या ग्राहकास किती दिवस घेत आहात, हे अवश्य विचारावे. काही दिवसांपलीकडे हे थेंब चालू राहिल्यास त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते. सोमलतायुक्त कल्पांबाबतही सावध असावे. तीत एफेड्रीन असते. ते रक्तदाब वाढविते, झोप उडविते, आणि श्वासरोधाच्या पुष्कळ रुग्णांस रक्तदाब आधीच असतो.

बसचालकाच्या बाबतीत आम्ही नस्य सकाळी नेले, ह्युमिडिफायर सुरू करविला. तरीही एक नाकपुडी बंदच राहिली, तेव्हा नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. नासापटल वाकडे निघाले. तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क मिळाल्यावर त्याने यंत्र पुन्हा लावले.