जुनी गाणी, नवी गाणी आणि मोजमाप

लोकप्रिय संगीताचा दर्जा घसरला का, हे संगणकीय विश्लेषणाने काही अंशी तपासता येते. २०१२ मध्ये स्पेनमधील झुआन सेर्रा आणि सहकाऱ्यांनी १९५५ ते २०१० मधील साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणे अभ्यासली. स्वरक्रमातले वैविध्य घटले, वाद्यांचे नाद एकसारखे होत गेले आणि आवाजाची पातळी चढत गेली, असे त्यांना आढळले. आवाज चढवण्यासाठी हळुवार आणि जोरकस भागांतले अंतर दाबले जाते. त्यात गाण्यातला चढउतार हरवण्याचा धोका असतो. 

मात्र २०१५ मध्ये लंडनमधील माथियास माउख यांच्या गटाने अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीतील १९६० ते २०१० मधील सुमारे १७,००० गाणी तपासली, तेव्हा सलग घसरण दिसली नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यास, सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या काळात, वैविध्य कमी झाले, पण पुढे ते पुन्हा वाढले. सर्वांत मोठी उलथापालथ १९९१च्या सुमारास रॅपने घडवली.

जुन्या-नव्या गाण्यांत जाणवणारा उरलेला फरक बराचसा स्मृतीचा आहे. किशोरवयात आणि तरुणपणी ऐकलेली गाणी मनात सर्वांत खोल रुजतात. शिवाय जुन्यातले सुमार विस्मरणात जाते, निवडक तेवढे उरते. नव्यातले मात्र बरेवाईट सगळेच कानावर येते. त्यामुळे दोन दशकांची न्याय्य तुलना त्या-त्या काळच्या संपूर्ण यादीवरूनच करावी लागते, आणि तशी केल्यावर सरसकट ऱ्हासाचा दावा टिकत नाही.