पाचव्या पेल्याचे गुण

लहानपणी आमच्या घरात ‘दारू’ हा शब्द वर्षातून एकदाच उच्चारला जायचा. दिवाळीत, आणि तोही फटाक्यांच्या संदर्भात! वडील शिक्षक, आई एकादशी-चतुर्थी पाळणारी. अशा घरातला मुलगा, पस्तीस वर्षं बँकेत खर्डेघाशी करून आणि फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहून निवृत्त झालेला, गेल्या वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जावयाच्या गॅरेजमध्ये बसला होता. समोर बिअरचे आठ छोटे पेले, हातात पेन्सिल. आई असती तर काय म्हणाली असती, हा विचार मी त्या संध्याकाळी मुद्दामच टाळला.

सौ. मात्र होती. ‘लोक निवृत्तीनंतर गीतेच्या वर्गाला जातात,’ एवढंच म्हणून ती लेकीबरोबर आत निघून गेली.

वाचकांनी भुवया उंचावू नयेत. प्या, असं सांगायला मी हे लिहीत नाही. आठही पेले मिळून बिअरची एक मोठी बाटली झाली नसती. बैठक होती ती गुण देण्याची, आणि गुण देणं हा तर माझा जन्मभराचा उद्योग. कर्जाच्या अर्जांना दिले, हाताखालच्या माणसांना दिले. म्हणूनच त्या संध्याकाळची हकीकत सांगावीशी वाटते.

लेक-जावई पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो गावी राहतात. जावई कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. तिथं आल्यावर त्याला छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअरची गोडी लागली. आपल्याकडे गल्लीगल्लीत पिठाची गिरणी असते, तशा त्या भागात या ब्रुअऱ्या आहेत. बैठकीच्या आधीच्या शनिवारी तो मला घराजवळच्याच एका ब्रुअरीत घेऊन गेला. टायरच्या दुकानामागची पत्र्याची शेड. मालक, एक मदतनीस आणि स्टीलच्या सहा उंच टाक्या. बार्लीला मोड आणून, वाळवून केलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवायचं, त्याचा गोड अर्क हॉप्सची बोंडं घालून उकळायचा, थंड करून त्यात यीस्ट सोडायचं आणि आंबू द्यायचं. एवढीच कृती. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या घरात ती समजायला वेळ लागू नये.

टाक्या पाहिल्यावर माझ्यातला कर्ज-अधिकारी जागा झाला. ‘यावर बोजा किती?’ मी विचारलं. जावई संकोचला, पण मालक खुशीत आला. आजवर कुणी चवीपलीकडचं विचारलंच नव्हतं. टाक्या कर्जाऊ होत्या, हप्ता दरमहा. मग त्यानं मला एक गोष्ट समजावली. बिअरची दोन मुख्य घराणी, एल आणि लागर. एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरला थंडीत मुरावं लागतं, तिला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि तेवढे दिवस टाकी अडकून पडते. छोटे ब्रुअर बहुतांशी एल का करतात, याचं एक कारण चवीइतकंच खेळत्या भांडवलात आहे, हे माझ्या तिथल्या तिथं ध्यानात आलं.

या छोट्यांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ सबंध देशात दारूबंदी होती. ती उठल्यावर धंदा हळूहळू मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती गेला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एवढ्या मोठ्या देशात शंभरसुद्धा ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या, आणि बहुतेक सगळ्यांची बिअर एकाच फिक्या चवीची. सॅन फ्रान्सिस्कोतली ‘अँकर’ ही जुनी ब्रुअरी बंद पडायला आली होती. वॉशिंग मशीनवाल्या घराण्यातल्या फ्रिट्झ मेटॅग या तरुणानं १९६५ साली तिच्यात पैसे घातले आणि ती जगवली. जॅक मॅकऑलिफ हा माजी नौसैनिक. नौदलाच्या नोकरीत स्कॉटलंडला असताना चाखलेली चव त्याला घरी मिळेना. त्यानं १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथं ‘न्यू अल्बियन’ ही इवलीशी ब्रुअरी काढली. बिअरचं नाव झालं, पण एवढ्याशा उत्पादनात खर्च भागेना, वाढायला भांडवल मिळेना. १९८२ साली तिला टाळं लागलं.

मधल्या काळात १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या एका कायद्यानं घरच्या घरी स्वतःपुरती बिअर करायला देशाच्या पातळीवर परवानगी मिळाली. गॅरेजा-गॅरेजांतून लोक शिकले आणि त्यांतलेच काही धंद्यात उतरले. केन ग्रॉसमन हा त्यांतला एक. चिको गावात घरगुती बिअरचं सामान विकणाऱ्या या माणसानं आप्तमित्रांकडून पैसे उभे केले, डेअऱ्यांची जुनी भांडी गोळा केली आणि १९८० साली ‘सिएरा नेव्हाडा’ची पहिली बिअर काढली. तिच्या पेल एलमध्ये त्यानं ‘कॅस्केड’ जातीचे हॉप्स वापरले. ऑरेगनमधल्या सरकारी संशोधनातून ही जात १९७२ साली शेतकऱ्यांपर्यंत आली होती. ग्रेपफ्रूटच्या, म्हणजे आपल्या पपनसाच्या चुलतभावाच्या वासाची. तो वास पुढं अमेरिकी बिअरची ओळख ठरला. १९८५ साली ऑरेगननं जिथं बिअर बनते तिथंच ती पेल्यातून विकायला परवानगी दिली, आणि पोर्टलंडचं रूप पालटलं. आज देशात नऊ हजारांहून अधिक छोट्या ब्रुअऱ्या आहेत. पण चढ संपलाय. २०२३ साली ‘अँकर’चं काम थांबलं आणि २०२४ साली नव्या उघडलेल्यांपेक्षा बंद पडलेल्या ब्रुअऱ्या जास्त भरल्या. शेडमधल्या मालकानंही तेच सांगितलं. ‘पुढचा उन्हाळा काढला तर काढला.’

तर ती बैठक. टेबलाभोवती आम्ही सहाजण. आठ बाटल्या, सगळ्या ऑरेगनमधल्या छोट्या ब्रुअऱ्यांच्या, कागदी पिशव्यांत गुंडाळून वर नुसता आकडा घातलेल्या. सूत्रं जावयाच्या शेजारीण बाईंकडे. सत्तरीच्या, निवृत्त शाळामास्तरीण. बिअरच्या परीक्षकांची अमेरिकेत १९८५ पासून एक रीतसर व्यवस्था आहे, परीक्षा देऊन परीक्षक होता येतं. बाई ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या. त्यांनी प्रत्येकापुढे गुणपत्रिका ठेवली. एकूण गुण ५०. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण ठशाला १०. रकाने पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

नियम कडक. पेला आला की आधी वास, कारण तो लवकर उडून जातो. मग उजेडात धरून रंग आणि फेस. मग घोट. मध्ये पाणी आणि पाव. आणि सर्वांचे गुण कागदावर उतरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, तोंडसुद्धा वाकडं करायचं नाही! शेजाऱ्याचा चेहरा पाहिला की आपली जीभ फितूर होते, असं बाईंचं म्हणणं.

पहिल्या पेल्यालाच मी अडलो. वास तर येत होता, पण त्याला नाव सापडेना. बाई म्हणाल्या, ‘आमचे शब्द शोधू नका. तुमच्या स्वयंपाकघरातले लिहा.’ मग गाडी सुटली. दुसऱ्या पेल्यात केळं आणि लवंग सापडली. गव्हाच्या एका जर्मन धर्तीच्या बिअरमध्ये ती यीस्टमुळेच येतात आणि तिथं हवीच असतात. तिसरी पोर्टर, काळीभोर. तिच्यापुढे मी लिहिलं, ‘तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, गुळाशिवायची कॉफी.’ चौथीचं नाव ‘इंडिया पेल एल’. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून कलकत्ता-मुंबईकडे जहाजानं जाणाऱ्या बिअरमध्ये टिकाऊपणासाठी हॉप्स जास्त घालत. त्या व्यापारातून हे नाव रुळलं. आज छोट्या ब्रुअऱ्यांत सर्वाधिक बोलबाला याच प्रकाराचा. आपल्या देशाचं नाव मिरवणारा तो कडूजहर घोट घेताना माझा चेहरा कारल्याच्या भाजीला होतो तसा झाला, आणि नियमभंगाबद्दल बाईंनी बोट दाखवलं.

पाचवा पेला पेल एलचा. तोवर मी सरावलो होतो, थोडा दमलोही होतो. बरी वाटली. खाली खुणेच्या जागी ३० लिहिले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘समाधानकारक.’

बाईंनी पत्रिका गोळा केल्या. माझी हातात घेऊन थांबल्या. ‘हा शेरा कुणासाठी लिहिलात?’ त्यांनी विचारलं. मी गप्प. ‘ज्यानं ही बनवली त्याला यातून काय कळेल? काय ठेवायचं, काय बदलायचं?’ आवाज अगदी सौम्य. चौथीच्या वर्गात त्या असंच बोलत असतील.

मला एकदम एक चेहरा दिसला.

१९९६ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. काउंटरवर एक क्लार्क होता. मितभाषी, कामाला वाघ. बढतीच्या वेळी शाखाधिकाऱ्याचा अहवाल जायचा. मार्चअखेरची धांदल, टेबलावर ढीग. मी आदल्या साहेबांचा कागद काढला, त्यावर ‘समाधानकारक’ असं होतं. तोच शब्द लिहिला, तेवढेच गुण दिले आणि सही ठोकली. त्याची बढती हुकली. पुढच्या साहेबांनी बहुधा माझा कागद पाहिला असेल. तो क्लार्क म्हणूनच निवृत्त झाला. माझ्या निरोप समारंभाला आला होता. हार घालून हळूच म्हणाला, ‘साहेब, राग नाही. फक्त माझ्यात नेमकं काय कमी होतं, ते तेव्हा सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.’ मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. उत्तर नव्हतं, कारण मी पाहिलंच नव्हतं.

‘मला पाचवा पेला परत द्या,’ मी बाईंना म्हणालो.

पेला एव्हाना कोमट झाला होता. बिअर थंडपणा सोडते तशी आपलं खरं सांगू लागते. आता वास नीट आला. पपनसाची साल, स्वच्छ. घोट घेतला. सुरुवात छान, कडवटपणा बेताचा. पण गिळल्यावर जिभेच्या मागं काहीतरी स्निग्ध रेंगाळलं. दोनदा पाहिलं. लोणी! मी तसंच लिहिलं. गुण ३० वरून २७ झाले, शेरा मात्र चार ओळींचा झाला. बाईंनी वाचून मान हलवली. आंबताना यीस्ट लोण्याच्या चवीचा एक पदार्थ सोडतं आणि आणखी काही दिवस टाकीत राहू दिलं तर तोच परत शोषून घेतं. घाई केली की ती चव मागे उरते. एवढं त्यांनी मला समजावलं.

पिशव्या काढल्या. पाचवी बाटली टायरच्या दुकानामागच्या शेडमधली निघाली.

‘बाबा, त्यांना नको सांगूया,’ जावई म्हणाला. ‘आधीच अडचणीत आहेत.’ त्याचं मन मऊ. मी रात्रभर तळमळलो. अडचणीतल्या माणसाला गोड बोलून परत पाठवणं मला नवं नव्हतं. नामंजूर अर्जांवर मी कित्येकदा ‘पुढं पाहू’ म्हटलेलं आहे.

सकाळी आम्ही निघालो. वाटेत रिकाम्या बाटल्या परत केल्या. ऑरेगनमध्ये बाटलीवर अनामत घेण्याचा कायदा १९७१ सालचा, अमेरिकेतला पहिला. आता बाटलीमागे दहा सेंट मिळतात. ऐंशी सेंट मोजून घेताना सौ. म्हणाली, ‘अहो, जन्मात पहिल्यांदा तुमचं डिपॉझिट वेळेवर परत मिळतंय.’

शेडमध्ये मी कागद पुढे केला. मालकानं तो उभ्या उभ्या वाचला. मग मदतनिसाला हाक मारली, टाकीवरची नोंद काढायला लावली. ‘दोन दिवस आधी काढली,’ तो म्हणाला. ‘पुढच्या मालाला टाकी हवी होती.’ थोडा वेळ तो टाकीकडे पाहत राहिला. ‘गिऱ्हाईकं छान म्हणतात आणि पुन्हा येत नाहीत. का येत नाहीत, ते कुणी लिहून देत नाही.’ कागद त्यानं भिंतीवर नोंदवहीच्या शेजारी चिकटवला. दोन दिवस टाकी जास्त अडकणार, म्हणजे हप्त्याचं गणित आणखी आवळणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पुढचा उन्हाळा तो कसा काढेल, हे मला सांगता येणार नाही.

परत आल्यावर मी त्या क्लार्कला पत्र लिहायला बसलो. चार दिवस लागले. बाजाराच्या दिवशी गर्दीतही अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यांना तो आधी बाकावर बसवायचा, मग पैसे मोजून हातात द्यायचा. त्याच्या खतावणीत कधी खाडाखोड नसायची. इंग्रजी पत्रव्यवहाराला मात्र बिचकायचा, आणि तेवढ्यासाठी मी त्याला सहा महिने पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसवायला हवं होतं. एवढं आठवलं, एवढंच लिहिलं. तीस वर्षांपूर्वीचा पेला पुन्हा मागता येत नाही, हे कळूनही लिहिलं.

पत्र टाकून महिना झाला. उत्तर अजून आलेलं नाही. रोज दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की मी दाराशी जातो. सौ. पाहते, पण काही बोलत नाही.